गिंझामध्ये चांगला रामेन कुठे खावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: नोव्हेंबरात टोकियोत चार दिवस, मुक्काम गिंझाजवळ, दिवसा दुकानं बघणं चालू राहील, तर त्याच परिसरात खरोखर चांगला रामेन, म्हणजे सुपातल्या जपानी नूडल्स, कुठे मिळेल? बरोबर आई आहेत, त्या अंडंही खात नाहीत. शिवाय एक शंका विचारली आहे, की इतक्या महागड्या भागात रामेन खाणं म्हणजे पैसे वाया घालवणं तर नाही?

मी टोकियोत रामेनच्या स्वयंपाकघरात अकरा वर्षं काम केलं आहे. शेवटची चार वर्षं गिंझापासून चालत दहा मिनिटांवर होतो आणि सुट्टीच्या दिवशी दुसऱ्यांची सूपं चाखत हिंडायचो. त्यामुळे आधी शंकेचं उत्तर देतो. पैसे वाया जात नाहीत. गिंझात एक साधा वाडगा बहुतेक ठिकाणी हजार ते दीड हजार येनच्या आसपास मिळतो, म्हणजे टोकियोत इतरत्र मिळतो त्याहून फार वेगळा भाव नाही. जपानी लोकांच्या मनात रामेनची किंमत पक्की बसलेली आहे. हजार येनच्या पुढे गेलं की गिऱ्हाईक कुरकुरतं, याला इथल्या धंद्यात ‘हजार येनची भिंत’ म्हणतात. गेल्या काही वर्षांत ती भिंत ओलांडली गेली, पण दुकानदार अजूनही एकेक पाऊल जपून टाकतो.

मग देशातली सर्वांत महाग जमीन जिथे आहे तिथे हा धंदा परवडतो कसा? वाको या दुकानाच्या घड्याळाच्या मनोऱ्यापाशी, गिंझा चार चोमेच्या (चोमे म्हणजे वस्तीचा क्रमांक दिलेला विभाग) चौकात उभं राहून पाहिलं तर एकही रामेनचं दुकान दिसणार नाही. ती सगळी मागच्या गल्ल्यांत, तळघरांत, इमारतींच्या बोळांत आहेत. सहा-आठ खुर्च्या, एक काउंटर, आत दोन माणसं. गिऱ्हाईक वीस मिनिटांत खाऊन उठतं तेव्हा कुठे भाडं निघतं. रांग लागते ती याचमुळे. एवढं डोक्यात ठेवलंत की गिंझातल्या रामेनच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो, आणि रांगेत उभं राहण्याचा त्रासही जरा कमी वाटतो.

आता माझं मुख्य मत, ज्यावर पुढची सगळी शिफारस उभी आहे. गिंझात आलात तर गिंझाचाच रामेन खा. म्हणजे नितळ सूप किंवा कोंबडीचं मऊ, पांढरं सूप. डुकराच्या हाडांचं दाट टोंकोत्सु सूप मूळचं दक्षिणेकडच्या क्युशू बेटाचं, कुरुमे शहरातलं. त्याच्या मोठ्या साखळ्यांची दुकानं इथेही आहेत आणि वाईट नाहीत, पण तोच वाडगा तुम्हाला जपानच्या कुठल्याही मोठ्या स्टेशनाबाहेर मिळेल. गिंझाच्या आजूबाजूला शंभर वर्षांपासून फ्रेंच रेस्टॉरंटं, सुशीची, सोबाची जुनी दुकानं आहेत. इथला गिऱ्हाईक सूप आधी चमच्याने चाखतो. त्या जिभेसाठी रांधायचं म्हणून इथल्या रामेनवाल्यांचा हात वेगळा तयार झाला.

सुपाबद्दल थोडं सांगायलाच हवं, नाहीतर दुकानांची नावं नुसती नावंच राहतील. रामेनचा वाडगा पाच गोष्टींचा बनतो: सूप, ‘तारे’ म्हणजे वाडग्याच्या तळाशी आधी घातलेला खारट अर्क, वर तरंगणारं सुवासिक तेल, नूडल्स, आणि वरचा साज. नूडल्सच्या पिठात ‘कान्सुई’ नावाचं क्षाराचं पाणी असतं. तो पिवळसर रंग आणि दाताखालची लवचिकता त्यातूनच येते. सूप दोन वळणांचं. हाडं-मांस मंद आचेवर, उकळी फुटू न देता तासन् तास ठेवलं की चहासारखं नितळ सूप मिळतं, ते ‘चिन्तान’. तीच हाडं खळाखळा उकळली की चरबी आणि हाडांतला चिकटपणा पाण्यात एकजीव होऊन दुधासारखं दाट होतं, ते ‘पाइतान’.

चिन्तान किती हट्टी असतं ते मी एकदाच शिकलो. कामाला लागून वर्ष झालं नव्हतं. पहाटे पातेल्यावर लक्ष ठेवायचं काम माझं होतं, आणि भाजी निवडायला बसलो तेवढ्यात खालची आच वाढलेली राहिली. दहा-बारा मिनिटंच उकळलं असेल, पण चाळीस लिटरचं सूप गढूळ झालं. मालकाने आवाज चढवला नाही. त्या दिवशी दुकान उघडलं नाही, दारावर कागद लावला. गढूळ सूप चवीला वाईट नव्हतं, पण ते आमचं सूप नव्हतं. तेव्हापासून कुठेही नितळ सूप समोर आलं की वाडग्याच्या तळातली नक्षी दिसते का, ते मी आधी पाहतो.

याच कसोटीवर माझी पहिली शिफारस गिंझा हाचिगोची. हे दुकान तीन चोमेत आहे, शोवा रस्त्याच्या पलीकडे, हिगाशी-गिंझा स्टेशनापासून चालत. 2018 च्या डिसेंबरात उघडलं. चालवणारे शेफ आधी क्योतोच्या हॉटेलात दीर्घकाळ फ्रेंच पाककलेत होते, आणि ते सुपात दिसतं. इथे तारे घालतच नाहीत. कोंबडी, बदक, कोम्बु ही समुद्री वनस्पती, शिंपले यांच्या सुपाला खारटपणा येतो तो मुरवलेल्या कच्च्या हॅममधून. आमच्यासारख्या रांधणाऱ्याला यातली जोखीम लगेच कळते. तारे असलं की सूप रोज थोडं इकडेतिकडे झालं तरी सावरता येतं. तारे नाही म्हणजे त्या दिवशीचं सूप जसं उतरलं तसंच गिऱ्हाइकापुढे जाणार. मिशेलिनच्या टोकियो 2022 मार्गदर्शिकेत याला एक तारा मिळाला. रामेनच्या दुकानाला असा तारा पहिल्यांदा मिळाला तो सुगामोतल्या त्सुताला, 2016 च्या मार्गदर्शिकेत, तेव्हा आमच्या धंद्यात केवढी खळबळ उडाली होती ते मला आठवतं.

हाचिगोत खुर्च्या सहाच. पहिला घोट काहीही न घालता घ्या. मिरपूड नको, आधी नूडल्सही उचलू नका. चव सुरुवातीला हलकी वाटेल, तिसऱ्या-चौथ्या घोटाला ती उलगडते. मसालेदार खाण्याची सवय असलेल्या आपल्या माणसांना पहिल्या क्षणी ‘एवढंच?’ असं वाटतं, मलाही वाटलं होतं. अर्धा वाडगा संपेपर्यंत थांबा. बसण्याची पद्धत, आगाऊ नोंदणी आणि सुट्टीचा वार त्यांच्याच पानावर आदल्या दिवशी पाहून घ्या, कारण इतक्या लहान दुकानात या गोष्टी बदलत राहतात.

दुसरी शिफारस कागारीची, आणि पहिल्यांदाच रामेन खाणाऱ्याला मी हीच आधी सांगेन. 2013 मध्ये एका बोळात सुरू झालेलं हे दुकान. त्याच्या फलकावर रोमन लिपीत फक्त ‘सोबा’, म्हणजे इथे नूडल्स, एवढंच लिहिलेलं असे, त्यामुळे कित्येक जण समोरून निघून जायचे. आता मुख्य दुकान सहा चोमेत आहे. मागवायचा तो ‘तोरी पाइतान सोबा’. कोंबडीचं सूप इतकं उकळून, घोटून केलेलं असतं की पोटाज या दाट फ्रेंच सुपाची आठवण होते, पण पिऊन झाल्यावर ओठ चिकट होत नाहीत. पाइतान करणाऱ्याचं खरं कौशल्य तिथेच दिसतं. चरबी जास्त राहिली की ओठांवर थर बसतो, कमी झाली की सूप पाणचट. वर कोंबडीच्या मांसाचे मऊ काप आणि ऋतूप्रमाणे बदलणाऱ्या भाज्या. नोव्हेंबरात येताय म्हणजे कंदमुळं असण्याची शक्यता जास्त. बाजूला किसलेलं आलं देतात. ते पहिल्यापासून कालवू नका. अर्ध्यावर आल्यावर घाला, म्हणजे एकाच पैशात दोन वेगळे वाडगे खाल्ल्यासारखं होतं.

तिसरी जागा ‘मुगि तो ऑलिव्ह’, सहा चोमेतच पण चुओ रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला, गिंझा सिक्स या मॉलच्या मागच्या बाजूच्या गल्लीत. नावाचा अर्थ ‘गहू आणि ऑलिव्ह’. इथे हामागुरी शिंपल्यांचा सोबा खावा. आपल्या कोकणातली तिसऱ्यांची आमटी ज्याच्या घरी होते त्याला या वासाने घर आठवेल. कोम्बुतला ग्लुटामेट हा चवीचा मूळ घटक किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये शोधला आणि त्या चवीला ‘उमामि’ हे नाव दिलं. कात्सुओबुशी म्हणजे सुकवलेला मासा, त्यात आणि मांसात वेगळा घटक असतो, शिंपल्यात सक्सिनिक आम्ल असतं. ग्लुटामेट आणि मांसातला घटक एकत्र आले की चव बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढते. त्यावर शिंपल्याची आपली वेगळी धार चढते. रामेन रांधणाऱ्याचं निम्मं आयुष्य हा गुणाकार जुळवण्यात जातं. इथे तो शिंपला, कोंबडी आणि वरून पडणाऱ्या ऑलिव्ह तेलाच्या तवंगात जुळलाय.

याच सहा चोमेत, कागारीपासून फार लांब नाही, ‘काझामि’ आहे. त्यांचा खास वाडगा साके गाळल्यावर उरणाऱ्या चोथ्याचा, म्हणजे ‘साकेकासु’चा. सूप दाट, किंचित गोडसर, आंबवलेल्या तांदळाचा वास असलेलं. हिवाळ्यात हे फार छान लागतं. मद्य पूर्ण वर्ज्य असेल तर मात्र जाऊ नका, कारण या चोथ्यात मद्यांश असतो. जवळच ‘ओबोरोझुकि’ हे चिमुकलं त्सुकेमेनचं दुकान आहे. त्सुकेमेन म्हणजे गार नूडल्स वेगळ्या आणि घट्ट गरम सूप वेगळं, बुडवून खायचं. हा प्रकार काझुओ यामागिशी यांनी 1955 मध्ये टोकियोतच दुकानाच्या यादीत आणला. नूडल्स संपल्यावर उरलेलं सूप प्यायला घट्ट आणि खारट असतं, तेव्हा ‘सूप-वारि’ म्हणा. ते गरम पातळ सूप ओततात आणि मग शेवट पिता येतो. पर्यटकांना हे माहीत नसतं आणि सर्वांत चांगला भाग तसाच ताटात राहतो, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

आता जुन्या गिंझाबद्दल, कारण वरची सगळी दुकानं गेल्या दहा-पंधरा वर्षांतली. दोन चोमेत, हिगाशी-गिंझाच्या बाजूला ‘मानपुकु’ आहे. 1929 पासून दुकान चालू आहे. त्याआधी हातगाडी होती. इथे ‘रामेन’ हा शब्दच वापरू नका, ‘चुका सोबा’ म्हणा, म्हणजे चिनी नूडल्स. दुसऱ्या महायुद्धानंतर टोकियोत असंच म्हणत. वाडगा साधा: सोया सॉसचं नितळ सूप, किंचित कुरळ्या नूडल्स, डुकराच्या मांसाचा काप, गुलाबी नक्षीचा नारुतो म्हणजे माशाच्या वडीची चकती, आणि पातळ आम्लेटचा एक त्रिकोणी तुकडा. तो त्रिकोण दिसला की म्हातारी माणसं खुश होतात. मी इथे जेवायला जायचो तेव्हा शेजारी काबुकीचा खेळ पाहून आलेल्या आजीबाई बसलेल्या असायच्या आणि वाडगा तोंडाला लावून सूप संपवायच्या. सूप थोर आहे असं मी म्हणणार नाही. हाचिगोसमोर ते साधं आहे. पण टोकियोचा रामेन कुठून निघाला हे जिभेला कळायचं असेल तर हा वाडगा आधी खा आणि हाचिगो नंतर. दोन्ही दुकानं एकमेकांपासून चालत काही मिनिटांवर, आणि मधे जवळजवळ नव्वद वर्षांचं अंतर. दोन चोमेतच ‘क्योराकु’ आहे, 1956 पासूनचं, सुक्या छोट्या माशांचा वास असलेलं सोया सूप. वेळ असेल तर तेही.

वेळेचं सांगतो. दुपारी बारा ते दीड ऑफिसची माणसं येतात, त्या वेळात जाऊ नका. दुकान अकराला उघडत असेल तर पावणेअकराला रांगेत असा, किंवा दोननंतर जा. मात्र अनेक दुकानं तीन ते पाच बंद असतात. ती वेळ आमची सूप वाढवायची आणि पाठ टेकायची. जायचा दिवस शनिवार किंवा रविवार असेल तर दुपारी चुओ रस्त्यावर गाड्या बंद असतात आणि लोक रस्त्याच्या मधून चालतात. ही पद्धत 1970 पासून आहे. बघायला फार सुंदर, पण त्या दिवशी रांगाही दुप्पट. शिवाय जुनी दुकानं रविवारी बंद ठेवतात. म्हणून रामेनसाठी मंगळवार ते गुरुवार निवडा.

दाराशी बहुतेक ठिकाणी तिकीट काढायचं यंत्र असतं. आधी पैसे, मग बटण, मग चिठ्ठी काउंटरवर. जपानी वाचता येत नसेल आणि मागे रांग असेल तर सर्वांत वरचं डावीकडचं बटण दाबा. दुकानदार आपला मुख्य वाडगा बहुधा तिथेच ठेवतो, मी काम केलेल्या तिन्ही दुकानांत तसंच होतं. हजार येनच्या सुट्या नोटा जवळ असू द्या. 3 जुलै 2024 ला नव्या नोटा आल्या तेव्हा कित्येक जुनी यंत्रं त्या घेत नव्हती, आणि नवं यंत्र घेणं लहान दुकानाला जड जातं. टिप देऊ नका, ते परत आणून देतील. सगळे एकत्र रांगेत लागा, एकाने जागा धरून ठेवणं इथे फार वाईट दिसतं. वाडगा आला की लगेच खा. सुरसुर आवाज करत ओढलं तर कोणी बघणार नाही, उलट हवेबरोबर वास नाकात चढतो आणि नूडल्स जीभ भाजत नाहीत. सात-आठ मिनिटांत नूडल्स फुगायला लागतात, म्हणून फोटो एकच काढा. उठताना वाडगा काउंटरच्या वरच्या फळीवर ठेवा आणि ‘गोचिसोसामा’ म्हणा. आतला माणूस दिवसभर त्या एका शब्दावर उभा असतो.

तुम्ही स्वतः डुकराचं मांस खात नसाल तर ‘बुतानिकु वा हाइत्ते इमासु का?’ असं विचारा, म्हणजे ‘डुकराचं मांस आहे का?’. वरचा काप काढून दिला म्हणजे झालं असं समजू नका. तेलात लार्ड म्हणजे डुकराची चरबी असू शकते, तारेमध्ये मांस शिजवलेलं असू शकतं. कोंबडीचं सूप असलेल्या दुकानातही विचाराच.

आता आई. इथे मला स्पष्ट बोललं पाहिजे. वर सांगितलेल्या एकाही दुकानात त्यांच्यासाठी वाडगा शोधू नका. ‘यासाई रामेन’ असं लिहिलेलं असतं, अर्थ ‘भाज्यांचा रामेन’, पण भाज्या वर असतात आणि सूप खाली मांसाचंच असतं. सोया सॉसच्या अर्कातही मासा असतो. जेवण वाढणारी मुलगी ‘मांस नाही’ म्हणेल ते खोटं बोलून नव्हे. जपानीत ‘निकु’ म्हटलं की दिसणारा मांसाचा तुकडा, सूप त्यात मोजत नाहीत. या एका शब्दामुळे किती शाकाहारी माणसं फसलेली मी पाहिली आहेत. आमच्याच दुकानात एका बाईंनी आनंदाने वाडगा मागवला होता. मी आतून बाहेर येऊन मराठीत सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी आदल्या दोन दिवसांत तीन ठिकाणी तसंच खाल्लं होतं.

आईंना टोकियो स्टेशनातल्या ‘टीज तानतान’ला न्या. मारुनोउचि लाइनने गिंझापासून एकच स्टेशन. हे दुकान पूर्ण वनस्पतिजन्य आहे. मांस, मासा, अंडं, दूध काही नाही, त्यामुळे समजावून सांगण्याचा प्रश्नच उरत नाही. तानतान म्हणजे तिळाच्या वाटणाचं दाट सूप आणि वर मिरचीचं तेल. पांढऱ्या तिळाचा वाडगा सौम्य, काळ्या तिळाचा जास्त खमंग. तीळ-शेंगदाण्याच्या चटणीवर वाढलेल्या जिभेला हे पहिल्याच घासाला आपलं वाटतं. कांदा-लसूण असणार असं धरून चाला. चातुर्मासात त्या ते सोडत असतील तर आधी विचारून घ्या, तुम्ही येताय त्या महिन्याच्या सुरुवातीला तो चालू असू शकतो.

एक अडचण आहे. हे दुकान जेआर या रेल्वे कंपनीच्या तिकीट-फाटकाच्या आत आहे, केइयो स्ट्रीट नावाच्या भागात. गिंझाहून मेट्रोने आलात तर तुम्ही फाटकाच्या बाहेर असाल. यंत्रातून प्रवेशतिकीट काढा, थोड्याच येनांचं असतं आणि दोन तास चालतं. त्यावर गाडीत बसता येत नाही, पण जेवून बाहेर येता येतं. शिंकान्सेन म्हणजे बुलेट ट्रेनने क्योतोला वगैरे जाणार असाल तर आणखी सोपं: त्या दिवशी गाडीच्या तासभर आधी या, तुमच्याच तिकिटावर आत शिरा आणि आईंना तिथे जेवू घाला. त्या खात असताना तुम्हाला वेगळा वाडगा हवासा वाटला तर स्टेशनाच्या यायेसु बाजूच्या तळघरात रामेनची गल्ली आहे, पण ती फाटकाबाहेर आहे. म्हणून एकाच तिकिटावर दोन्ही जमणार नाही. मी तर म्हणेन त्या दिवशी तुम्हीही त्यांच्याबरोबर तिळाचाच वाडगा घ्या, आणि एक काळा, एक पांढरा मागवून मधोमध ठेवा.